कॉलमच्या पोटात काय असतं?

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतले उंच कॉलम लांबूनच दिसतात. आंबवलेल्या मळीत, म्हणजे वॉशमध्ये, अल्कोहोल असतं साधारण 8 ते 10 टक्के. ते वेगळं काढायचं तर वर चढणारी वाफ आणि खाली उतरणारा द्रव यांची पुन्हा पुन्हा गाठ पडावी लागते. दर भेटीत वाफेतलं थोडं पाणी द्रवात उतरतं, द्रवातलं थोडं अल्कोहोल वाफेत जातं.

ही गाठ घालून देतात ट्रे. सिव्ह ट्रे म्हणजे भोकं पाडलेली आडवी चकतीच. कडेच्या बुटक्या बांधामुळे तिच्यावर द्रव साचतो, वाफ भोकांतून बुडबुडत वर येते आणि बांधावरून सांडलेला द्रव बाजूच्या वाटेनं खालच्या ट्रेवर जातो. वाफेचा जोर कमी पडला की द्रव भोकांतूनच गळतो. फार वाढला की कॉलम तुंबतो.

पॅकिंगची तऱ्हा निराळी. कॉलममध्ये असंख्य कड्या ओततात (लांबी आणि व्यास सारखाच असलेली राशिग रिंग ही त्यातली जुनी), नाहीतर नागमोडी पत्र्यांचे गठ्ठे रचतात. द्रव त्यांवर पातळ पसरतो, वाफेला अडथळा कमी होतो; म्हणून निर्वातात चालणाऱ्या कॉलमला पॅकिंग सोयीचं. यीस्टचा गाळ असलेल्या वॉशसाठी मात्र ट्रेच बरे, कारण गाळानं बुजलेलं पॅकिंग साफ करताना नाकी नऊ येतात. शिवाय वरून द्रव सगळीकडे सारखा शिंपडला गेला नाही, तर महागडं पॅकिंगही निम्मंअर्धं कोरडंच राहतं.