परभाषेच्या सहवासांत एक वर्ष

विद्येसाठीं घर सोडून गुरुगृहीं राहण्याची चाल आपल्याकडे जुनीच. परप्रांतीयांचा सहवास हीच विद्या मानणें मात्र नवें. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें पुरस्कारिलेल्या नवोदय विद्यालयांची ही रीत असून, आपल्या सिंधुदुर्गाचें विद्यालय सावंतवाडी तालुक्यांत सांगेली येथें आहे. नववींतील ३० टक्के विद्यार्थ्यांची हिंदी व अहिंदी प्रांतांत एका वर्षापुरती अदलाबदल व्हावी, असा या योजनेचा नियम. मालवणी बोलणारें मूल उत्तरेस जातें, तिकडचें कोंकणांत येतें. वसतिगृह, पंगत व क्रीडांगण सर्वांचें एकच. व्याकरणानें जें वर्षानुवर्षें साधत नाहीं, तें तेथें भूक आणि मैत्री शिकवितात. मातेचा जीव तुटणें स्वाभाविकच. म्हणूनच सहावीच्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरतांनाच वडीलधाऱ्यांनीं मनाची तयारी करावी, ऐन वेळीं मुलास अडवूं नये.