आधी भिजवा, मग हात लावा : गाडीवरचा हट्टी मळ घरच्या घरी

ज्यांना हेडफोन लावून बसायला वेळ नाही, त्यांच्यासाठी आजच्या भागातलं बोलणं इथे लिहून देतोय. बोलता बोलता लिहिलंय, तेव्हा भाषा इकडे-तिकडे झाली तर चालवून घ्या.

सुरुवात माझ्याच गाढवपणापासून. दोन वर्षांपूर्वी लग्नसराईच्या तोंडावर बाबांची गाडी धुवायचं काम मी अंगावर घेतलं. मरून रंगाची गाडी, भाड्याने चालते, वणीकडच्या फेऱ्या जास्त. दारांच्या खालच्या बाजूला डांबराचे ठिपके, बोनेटवर कोळशाच्या धुळीचा थर. मी भांड्यांची हिरवी घासणी घेतली, कपड्यांची पावडर घेतली आणि लागलो घासायला. ठिपके गेले. गाडी ओली होती तोवर चकाचक दिसली. वाळल्यावर उन्हात पाहिलं, तर बोनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे. बाबा एवढंच म्हणाले, "आता हे गाडी वरातीले कोन नेईन?"

झालं काय होतं, ते नीट समजून घेऊ. गाडीचा रंग म्हणजे एकच थर नसतो. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. आपल्याला जी चमक दिसते ती या क्लिअर कोटची. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन. डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. म्हणजे केसापेक्षाही पातळ थरावर मी घासणी फिरवली होती!

आता आपल्याकडची धूळ. वणी तालुक्यात उकणी, निलजईसारख्या उघड्या कोळसा खाणी आहेत आणि ट्रकांची ये-जा सतत चालू. कोळसा स्वतः तसा मऊ, पण त्या धुळीत दगडाचा आणि वाळूचा चुराही असतो. वाळूतलं क्वार्ट्झ काचेलाही ओरखडा पाडतं, मग क्लिअर कोटचं काय घेऊन बसलात! म्हणून रोज सकाळी कोरडा फडका मारायची आपली सवय गाडीचं सगळ्यात जास्त नुकसान करते. माया म्हणून केलेली ती रोजची पॉलिशपेपर घिसाई असते.

तर मग करायचं काय? पहिली पायरी, भिजवणं. कापसाच्या काळ्या मातीचा चिखल वाळला की दगडासारखा होतो, पण पाणी पिऊन फुगणं हा त्या मातीचा स्वभावच आहे. पाणी मारा, पाच मिनिटं थांबा, परत मारा. बराचसा चिखल आपोआप सुटून खाली येतो. त्यासाठी झाडांना पाणी मारायचा दोन लिटरचा नवा हातपंप पुरतो. शेतातला औषधाचा पंप मात्र अजिबात घेऊ नका. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजूर दगावलेत. ते औषध पंपात उरतं, हे विसरू नका.

दुसरी पायरी, दोन बादल्या. एकीत कार शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा फडका शॅम्पूत बुडवा, टपापासून खाली सरळ रेषेत फिरवा, मग साध्या पाण्यात खळबळून घ्या आणि परत शॅम्पूत. खडे दुसऱ्या बादलीच्या तळाशी बसतात, गाडीवर परत जात नाहीत. चाकांचा फडका वेगळा ठेवा. पाणीही कमी लागतं. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह आटले तेव्हा यवतमाळ शहराने काय भोगलं, ते आठवा. पाइप सोडून गाडी धुणं आपल्याला परवडणारं नाही.

एवढं करूनही जे उरतं, तो खरा हट्टी मळ. त्याची जात ओळखा.

डांबर : ते तेलात विरघळतं. खोबरेल तेलात भिजवलेला कापूस ठिपक्यावर दहा-पंधरा मिनिटं ठेवा, हलक्या हाताने पुसा, लागलं तर परत ठेवा. बाजारातला टार रिमूव्हर जास्त लवकर काम करतो. शेवटी शॅम्पूने तेल धुऊन टाका. पेट्रोलच्या भानगडीत पडू नका. आगीचा धोका आहे आणि रंगालाही ते चांगलं नाही.

पांढरे डाग : बोअरचं जड पाणी उन्हात वाळलं की क्षार मागे राहतात. गीझरच्या कॉइलवर बसतो तोच थर. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून लावा, दोन-तीन मिनिटांत धुऊन टाका. आधी कोपऱ्यात करून बघा.

पक्ष्यांची घाण : ही उद्यावर ढकलू नका. ती आम्लधर्मी असते, आणि मे महिन्यातल्या तापलेल्या पत्र्यावर क्लिअर कोट कोरला जातो. ओला फडका दहा मिनिटं वर ठेवा, मग उचलून घ्या. घासू नका.

धुतल्यावरही खरखर : हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोनेटवरून हलकेच फिरवा. वाळूसारखं लागलं तर कण क्लिअर कोटला चिकटून बसलेत. त्यासाठी क्ले बार मिळतो. शॅम्पूचं भरपूर पाणी मारून तो हलक्या हाताने सरकवायचा. जमिनीवर पडला तर फेकून द्या, कारण त्यात खडे रुततात.

हे सगळं सकाळी लवकर, सावलीत आणि पत्रा गार असताना. शेवटी कोरड्या मायक्रोफायबरने टिपून घ्या आणि वॅक्सचा हात द्या. मग पुढची घाण सहज सुटते.

आणि ओरखडे पडलेच असतील तर? नख फिरवून बघा. नख अडकत नसेल, तर पॉलिशने बहुतेक जातात. पण पॉलिश म्हणजे क्लिअर कोटच थोडा थोडा घासून कमी करणं, त्यामुळे ते वारंवार करता येत नाही. नख अडकत असेल, तर पेंटरकडेच जावं लागतं.

आमच्या बोनेटचे बहुतेक ओरखडे पॉलिशने गेले. दोन ठिकाणी मात्र नख अडकायचं, ते अजून आहेत. त्या सीझनच्या दोन वराती हातच्या गेल्या. आता बाबांचा कोरडा फडका मी लपवून ठेवलाय आणि अंगणात दोन बादल्या ठेवल्यात. ते रोज कुरकुरतात, पण वापरतात. तुमच्या घरचा फडका कुठे आहे, तेवढं आज बघून घ्या. भेटू पुढच्या भागात!