घरी केलेलं काम मोजायचं कसं?

घरून नोकरी म्हटलं, की साहेबांच्या मनात पहिली शंका हीच येते: बाई घरी म्हणजे कुकर लावत असेल, मुलांचं बघत असेल, आमचं काम करणार कधी? मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली तेव्हा ही शंका गिळावी लागली. टाळेबंदी उठली आणि पुष्कळ ठिकाणी तिने पुन्हा डोकं वर काढलं. (आम्ही शिक्षिका पेपर वर्षानुवर्षं घरीच तपासतो, त्याला मात्र कोणी 'घरून काम' म्हणत नाही!)

पण मैत्रिणींनो, या शंकेचं उत्तर मुंबईत केव्हाच सापडलं होतं. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात जणींनी उसन्या 80 रुपयांवर पापड लाटायला घेतले. तोच आजचा लिज्जत. काम वाढलं, जागा पुरेना, तेव्हा लाटणं घरी गेलं. पीठ मात्र केंद्रावरच मळायचं, म्हणजे घरोघरी चव बदलायला नको. सकाळी मळलेलं पीठ न्यायचं, आदल्या दिवशीचे पापड द्यायचे. ते पारखून, तोलून घेतात आणि मोबदला त्या वजनावर. बाई लाटायला किती वाजता बसली, मध्ये कितीदा उठली, याची चौकशी नाही. घर स्वच्छ आहे ना, जागा पुरेशी आहे ना, हे तेवढं आधी बघून घेतात.

इंग्लंडात 1962 साली स्टेफनी शर्ली यांनी सहा पौंडांवर संगणकाचे प्रोग्रॅम लिहून देणारी कंपनी काढली. मुलांमुळे नोकरी सुटलेल्या शिकलेल्या बायका तिथे घरून काम करत. बाईच्या पत्राला उत्तर येईना, म्हणून त्या 'स्टीव्ह' अशी सही करू लागल्या. फोनवर मुलांचा कालवा ऐकू जाऊ नये, म्हणून मागे टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप! कॉन्कॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रॅमिंग अशाच घरबसल्या बायकांनी केलं.

आपल्याकडे बाळंतपणाच्या रजेनंतर घरून काम देण्याची तरतूद 2017 च्या दुरुस्तीने कायद्यात आली. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. सक्ती मात्र नाही. काम तशा स्वरूपाचं हवं आणि अटी दोघांनी मिळून ठरवायच्या. म्हणून अर्जात नुसती अडचण मांडू नये. आठवड्यात कोणती कामं पुरी करून देणार, ती कोण तपासणार, फोनवर कोणत्या वेळी भेटणार, हे लिहून द्यावं. त्यातली फोनची वेळ घरातल्या मंडळींनाही सांगून ठेवावी. नाहीतर 'तू घरीच आहेस ना, जरा दळण घेऊन ये' हे ठरलेलंच!