फ्लायबॉल : शिकवायची सुरुवात शेवटापासून



शाळेच्या क्रीडास्पर्धेतली रिले शर्यत आपण सगळ्यांनी पाहिली आहे. एक मुलगा धावत येतो, बॅटन देतो आणि दुसरा सुटतो. अशीच रिले कुत्र्यांचीही असते. तिचं नाव फ्लायबॉल. ज्या घरात कुत्रा आहे आणि त्याला काहीतरी शिकवायचा मुलांचा हट्ट आहे, त्या पालकांना हा खेळ आवडेल. आणि एखादं कौशल्य टप्प्याटप्प्याने कसं शिकवावं, याचं एक छान उदाहरण म्हणून आपल्या शिक्षकांनाही उपयोगी पडेल.

खेळ काय आहे?

हा खेळ अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात जन्माला आला. चेंडू उडवणारी पेटी हर्बर्ट वॅग्नर यांनी बनवली असं मानलं जातं. 1984 साली नॉर्थ अमेरिकन फ्लायबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि खेळाला पक्के नियम मिळाले. पुढे ब्रिटन, युरोपातले इतर देश आणि ऑस्ट्रेलिया इथेही तो पसरला. आपल्याकडे मात्र तो फारसा दिसत नाही.

एका संघात चार कुत्रे धावतात. दोन संघ शेजारशेजारच्या मार्गांवर एकाच वेळी सुटतात. मार्ग 51 फूट लांब, म्हणजे साधारण साडेपंधरा मीटर. सुरुवातीच्या रेषेपासून 6 फुटांवर पहिला अडथळा, मग दहा-दहा फुटांवर आणखी तीन, आणि शेवटच्या अडथळ्यापासून 15 फुटांवर पेटी. कुत्र्याने चार उड्या मारत जायचं, पेटीची उतरती फळी पंजांनी दाबायची, बाहेर उडालेला चेंडू तोंडात पकडायचा आणि पुन्हा चार उड्या मारत परत यायचं. तो रेषेवर आला की पुढचा सुटतो. उत्तम संघांचे चारही कुत्रे हे सगळं मिळून सुमारे 15 सेकंदांत संपवतात!

अडथळ्यांची उंची संघातल्या सर्वात बुटक्या कुत्र्याच्या मापावरून ठरते. त्यामुळे प्रत्येक संघाला एखादा छोटा कुत्रा हवाच असतो. जातीची अट नाही, मिश्र जातीचे कुत्रेही खेळतात. चेंडू पडला किंवा अडथळा चुकला, तर त्या कुत्र्याला सगळ्यांच्या शेवटी पुन्हा धावावं लागतं.

आधी काय शिकवायचं?

पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, आधी चेंडू आणि उड्या शिकवाव्यात. पण थोडा विचार करा. धावताना कुत्र्याला दोरी नसते. मालक रेषेच्या मागे उभा असतो, त्याला सोबत धावता येत नाही. शेजारच्या मार्गावर दुसरे कुत्रे भुंकत असतात. अशा वेळी तोंडात चेंडू असलेला कुत्रा सरळ आपल्या माणसाकडे का येईल? परत येण्यात त्याला सगळ्यात जास्त आनंद वाटत असेल तरच. म्हणून सुरुवात शर्यतीच्या शेवटापासून, म्हणजे परत येण्यापासून करायची.

पायरी 1 : हाक आणि धाव. घरातल्या एकाने कुत्र्याला छातीशी हलकं धरायचं. दुसऱ्याने त्याचं नाव घेत लांब पळायचं. मग धरणाऱ्याने सोडून द्यायचं. कुत्रा पोचला की ओढाताणीचं खेळणं द्यायचं आणि भरपूर कौतुक करायचं. मुलांना हा भाग फार आवडतो.

पायरी 2 : एक अडथळा. आता मधे एक बुटका अडथळा ठेवा. दोन्ही बाजूंना जाळी लावा, म्हणजे त्याला वळसा घालता येणार नाही. जमलं की दोन, मग तीन, मग चार.

पायरी 3 : चेंडू. हा वेगळा शिकवा. चेंडू उचलून आणला की बदल्यात खेळणं मिळतं, एवढं त्याला कळलं की पुरे. चेंडू त्याच्या तोंडाच्या मापाचा हवा. फार लहान चेंडू घशात अडकू शकतो.

पायरी 4 : वळण. हा सर्वात नाजूक भाग. पोहणारा भिंतीला पाय लावून जसा वळतो, तसंच कुत्र्याने चारही पाय फळीवर टेकवून वळायचं असतं. तो सरळ जाऊन पेटीवर आदळला, तर खांद्यांना आणि मनगटांना धक्का बसतो. म्हणून आधी पेटी नाही, चेंडूही नाही. नुसती तिरकी, न घसरणारी फळी घ्या आणि वळण पक्कं होऊ द्या. तो स्वभावतः डावीकडे वळतो की उजवीकडे, हे पाहून तीच बाजू ठेवा.

पायरी 5 : जोडणी. आता कुत्र्याला पेटीजवळून चेंडूसह सोडा. एका अडथळ्यावरून परत, मग दोन, मग चारही. परतीचा मार्ग पक्का झाला की मगच जाण्याचा भाग जोडा. दुसरे कुत्रे सर्वात शेवटी.

घाई कुठे करू नये?

पिल्लाची हाडं वाढत असतात. साधारण एक-दीड वर्षापर्यंत, मोठ्या जातींत त्याहूनही उशिरापर्यंत, उंच उड्या आणि जोराची वळणं नकोत. स्पर्धेसाठीही नॉर्थ अमेरिकन असोसिएशनची अट किमान एक वर्षाची आहे. पिल्लाला पहिली पायरी आणि चेंडू देण्याघेण्याचा खेळ खुशाल शिकवा. बाकीचं सुरू करण्याआधी पशुवैद्यांना दाखवून घ्या. सराव गवतावर किंवा मऊ मातीवर करा. डांबर आणि फरशी नको. आपल्या उन्हाळ्यात तर फक्त सकाळी लवकर. एका वेळी पाच मिनिटं पुरेत. कुत्र्याला अजून खेळायचं असतानाच थांबा. आणि तो चुकला तर रागावू नका. एक पायरी मागे या.

आपल्यासाठी

शेवटापासून शिकवण्याची ही रीत घरात आणि वर्गातही वापरता येते. मुलाला बुटाची नाडी बांधायला शिकवताना सगळं आपण करून फक्त शेवटची ओढ त्याला घेऊ द्या. दुसऱ्या दिवशी शेवटच्या दोन कृती त्याच्या. काम दर वेळी त्याच्याच हातून पूर्ण होतं, म्हणून तो पुन्हा करायला तयार असतो. पहिल्याच कृतीत अडकून कंटाळणाऱ्या मुलांसाठी ही रीत नक्की करून पाहा.

घरात कुत्रा असेल तर आज संध्याकाळी पहिली पायरी करून बघा. त्यासाठी पेटी नको, अडथळे नकोत. दोन माणसं, एक खेळणं आणि थोडी मोकळी जागा एवढंच लागतं.