खोली पाहावी घेऊन

जून महिना उजाडला की आमच्या बेळगावात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. एक पाऊस आणि दुसरी खोल्यांची शोधाशोध. टिळकवाडीपासून शहापूर-वडगावपर्यंत फाटकाफाटकांवर पाट्या झळकू लागतात. कुठे ‘खोली भाड्याने देणे आहे’, कुठे ‘मने बाडिगेगे इदे’, तर कुठे नुसतेच ‘टू लेट’. खानापूर, चंदगड, हुक्केरी, बैलहोंगल अशा चहूकडच्या तालुक्यांतून आलेली मुले-मुली वडिलांना बरोबर घेऊन त्या पाट्या वाचत हिंडतात. त्यांतली काही आमच्या स्टाफरूमच्या दाराशीही येतात. प्रश्न ठरलेला असतो : “सर, स्वस्तात खोली कुठं मिळंल?”

या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देण्याचे मी आता सोडून दिले आहे. मी उलट विचारतो, “स्वस्त म्हणजे काय?” मुले गोंधळतात. सरांनी इथेही अर्थशास्त्र काढले असे त्यांना वाटत असावे. पण या प्रश्नाची किंमत मी एकदा मोजलेली आहे. ती आधी सांगतो, म्हणजे पुढचा हिशेब कोरडा वाटणार नाही.

सन १९९४ मध्ये मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि माझी धाकटी बहीण पी. यू. सी.च्या दुसऱ्या वर्षाला. आम्ही दोघांनी मिळून खोली घ्यायची ठरवली. दोन खोल्या पसंत पडल्या. एक होती एका आजींच्या घरामागची, भाडे सव्वादोनशे. दुसरी गच्चीवरची, वर पत्रा, भाडे दीडशे. घरची परिस्थिती डोळ्यांपुढे होती. मी दीडशेची घेतली आणि महिन्याला पाऊणशे रुपये वाचवले म्हणून वडिलांनी पाठ थोपटली. जुलैत पत्रा गळला, तो आम्ही सोसला. पण फेब्रुवारीत घरमालकांकडे लग्न निघाले, पाहुण्यांसाठी खोली हवी झाली आणि आठ दिवसांत ती रिकामी करा असा निरोप आला. करार नव्हता, पावत्या नव्हत्या, बोलायला तोंड नव्हते. मी मित्रांच्या खोलीवर पथारी टाकली. मुलगा कुठेही पथारी टाकतो. बहीण मात्र पुस्तकांची पिशवी घेऊन गावी गेली. ती दोन विषयांत राहिली आणि तिला पुन्हा शहरात पाठवायचे घरच्यांनी काही मनावर घेतले नाही.

नऊ महिन्यांत मी पाऊणशेप्रमाणे सहाशे पंचाहत्तर रुपये वाचवले होते.

तेव्हापासून माझी व्याख्या पक्की झाली आहे. स्वस्त खोली ती, जी परीक्षेपर्यंत टिकते. म्हणून कोणतीही खोली पाहताना तीन प्रश्न विचारावेत. महिन्याकाठी हिच्यापायी एकंदर किती पैसे जातील? पावसात आणि उन्हाळ्यात ही राहण्याजोगी राहील का? आणि मला इथून कोण, कधी आणि किती दिवसांत उठवू शकेल? पहिला प्रश्न सगळेच विचारतात, तोही अर्धाच. दुसरा काहीजण विचारतात. तिसरा बहुधा कोणीच विचारत नाही.

आता आपल्याकडे मिळणाऱ्या खोल्यांचे प्रकार या तीन प्रश्नांवर घासून पाहू.

पहिली जुन्या घरातली किंवा वाड्यातली खोली. शहापुरात आणि गावभागातल्या गल्ल्यांत अशा खोल्या अजून मिळतात. कौलारू छप्पर, जाड मातीच्या भिंती, त्यामुळे उन्हाळ्यात गारवा. बाजार पायांशी, भाडे बेताचे, आणि आजारी पडल्यास शेजारची काकू पेज घेऊन येते. उणे म्हणजे मोरी, संडास, नळ सगळे सामाईक. आणि कौले वेळेवर शाकारली नसतील तर रात्री खोलीत पातेली मांडावी लागतात. पण खरी जोखीम निराळीच आहे. असे घर पुष्कळदा चार भावांच्या सामाईक मालकीचे असते. वाटणी झाली किंवा घर पाडून इमारत उठवायचे ठरले की बिऱ्हाडकरूचे सामान आधी बाहेर येते. तेव्हा घर कोणाच्या नावावर आहे आणि पावती कोण देणार, हे आधीच विचारावे.

दुसरी चाळीतली खोली. आमचे कन्नड शेजारी तिला ‘वठार’ म्हणतात. एका आवारात ओळीने खोल्या आणि मध्ये सामाईक अंगण. ही भाड्यासाठीच बांधलेली असते, त्यामुळे मालकाला ती एकाएकी घरकामासाठी लागण्याचा संभव कमी. टिकण्याच्या दृष्टीने हा प्रकार बरा. मात्र पाण्याच्या वेळा आणि रेडिओ-टीव्हीचा आवाज यांचा अंदाज घ्यावा. संध्याकाळी सातला जाऊन पाच मिनिटे अंगणात उभे राहिले की अभ्यास होईल की नाही ते आपोआप कळते.

तिसरी गच्चीवरची खोली. मोकळी हवा, स्वतंत्र जिना, कोणाची कटकट नाही. मुलांना ही फार आवडते. पण वर पत्रा आहे की स्लॅब, ते मान वर करून पाहावे. पत्र्याखाली एप्रिल-मे भाजून काढतो, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडचा पाऊस पत्र्यावर असा कोसळतो की शेजारी बसलेल्याचे बोलणे ऐकू येत नाही. शिवाय ही खोली मालकाच्या घराचाच भाग असते. घरात लग्न, बाळंतपण किंवा पाहुणे आले की पहिली नजर तिच्यावर जाते. हे माझ्याइतके कोण जाणणार?

चौथी घरामागची स्वतंत्र खोली. टिळकवाडी, हिंदवाडीकडच्या जुन्या बंगल्यांच्या परसात अशा खोल्या असतात. भाडे थोडे चढे, नियम पुष्कळ. साडेआठनंतर फाटक बंद, मित्रांना मज्जाव. परंतु मालक वयस्कर असतील तर त्यांनाही सोबत हवी असते. ते बिऱ्हाडकरू सहसा बदलत नाहीत. मुलींसाठी आणि अभ्यासू मुलांसाठी मी हीच आधी सुचवतो.

पाचवी खोली नव्हेच, ती खाट. पेइंग गेस्ट म्हणून एका खोलीत तीन-चार खाटा, जेवण धरून पैसे. भांडी नकोत, स्टोव्ह नको, पहिल्या वर्षाच्या मुलाला सोयीचे. पण कायद्याच्या दृष्टीने असा राहणारा बहुधा भाडेकरू नसतो. त्याला नुसती राहण्याची परवानगी असते, आणि ती काढून घेणे फारसे अवघड नसते. आगाऊ घेतलेले पैसे मध्येच सोडल्यास परत मिळतात का, हे लिहून घ्यावे.

सहावी अपार्टमेंटमधली जागा. एक खोली-स्वयंपाकघर, ज्याला पुण्या-मुंबईकडे ‘वन आर. के.’ म्हणतात, किंवा त्याहून मोठा फ्लॅट चौघांनी मिळून घ्यायचा. मोरी-संडास आत, दाराला कुलूप, स्लॅबचे छप्पर. भाड्याखेरीज देखभालीची वर्गणी असते, ती कोणी द्यायची ते विचारावे. यात फसगत होते ती मित्रांची. आठ हजार भाडे चौघांत वाटले तर प्रत्येकी दोन हजार. डिसेंबरात एकजण सोडून गेला की उरलेल्या तिघांवर प्रत्येकी दोन हजार सहाशे सदुसष्ट पडतात. करार एकाच्याच नावावर असेल तर सारा भार त्या एकावर. म्हणून करारावर चौघांचीही नावे आणि सह्या हव्यात.

आणि सातवा प्रकार म्हणजे खोली न घेणे. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या स्त्रियांना राज्य परिवहनाच्या साध्या गाड्यांतून राज्यात मोफत प्रवास करता येतो. खानापुरासारख्या जवळच्या गावातल्या मुलीने रोज ये-जा केली तर भाड्याचा प्रश्नच मिटतो. मात्र रस्त्यात दोन-तीन तास जात असतील आणि शेवटची गाडी चुकण्याची धास्ती असेल, तर तेही एक प्रकारचे भाडेच झाले.

आता पहिल्या प्रश्नाचा अर्धा राहिलेला हिशेब पुरा करू. मानू या, गच्चीवरची खोली अडीच हजारांना मिळते. ती लांब आहे, म्हणून जाण्या-येण्याला सहाशे. पाणी पुरत नाही, म्हणून विकतच्या पाण्याला दोनशे. मालकाच्या उपमीटरवर दहा रुपये युनिटप्रमाणे तीस युनिट वीज, म्हणजे तीनशे. अनामत दहा हजार; ते आईच्या पाटल्या ठेवून शेकडा बारा व्याजाने आणले, तर महिना शंभर. बेरीज तीन हजार सातशे. दुसरी खोली बत्तीसशेची, पण कॉलेजला चालत जाता येते, नळाला पुरेसे पाणी आहे, अनामत पंधरा हजार, म्हणजे व्याज दीडशे. विजेचा मीटर स्वतंत्र. ऑगस्ट २०२३ पासून राज्यात घरगुती विजेला दरमहा जास्तीत जास्त दोनशे युनिटांपर्यंत, ठरलेल्या सरासरीच्या मर्यादेत, बिल पडत नाही. भाडेकरूलाही ही सवलत मिळते, पण स्वतंत्र मीटर आणि त्याचा आर. आर. नंबर असेल तर. बेरीज तीन हजार तीनशे पन्नास. महाग वाटलेली खोली साडेतीनशेंनी स्वस्त निघाली!

असाच हिशेब ‘भोग्य’ पद्धतीचा करावा. यात मालकाला ठोक रक्कम द्यायची, मुदतभर भाडे न देता राहायचे आणि मुदत संपली की रक्कम परत घ्यायची. भावंडे किंवा नोकरदार कुटुंबे हिचा विचार करतात. “फुकट राहणं हाय की” असे लोक म्हणतात. तसे ते नसते. दोन लाख रुपये बँकेत शेकडा सात व्याजाने ठेवले असते तर वर्षाला चौदा हजार आले असते, म्हणजे महिना सुमारे अकराशे सदुसष्ट. एवढे भाडे तुम्ही देतच आहात. पण तेच दोन लाख सावकाराकडून महिना शेकडा दोनने आणले, तर महिना चार हजार झाले! शिवाय मालकाने ते घर कर्जासाठी बँकेकडे गहाण टाकले असेल, तर तुमची रक्कम अडकण्याचे भय. पदरचे पैसे असतील आणि घराचे कागद स्वच्छ असतील, तरच या वाटेला जावे. नोकरीसाठी बेंगळूरला जाणाऱ्यांनीही व्याजाचे हे गणित लक्षात ठेवावे. तिथे दहा-दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत मागण्याचा रिवाज रूढ आहे.

आता तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : कागद. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या १०६व्या कलमाप्रमाणे वेगळा करार नसेल तर राहण्याच्या जागेचा भाडेपट्टा महिन्या-महिन्याचा समजला जातो आणि पंधरा दिवसांच्या लेखी नोटिशीने तो संपवता येतो. म्हणजे बिनकागदाच्या खोलीचे आयुष्य पंधरा दिवस! राज्यात भाडेनियंत्रणाचा १९९९चा कायदा आहे. परंतु न्यायालयाची तारीख परीक्षेच्या तारखेआधी लागत नाही. त्यापेक्षा जूनमध्येच स्टँपपेपरावर करार करावा. नोंदणी अधिनियम, १९०८ प्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. म्हणून अकरा महिन्यांचा करार करण्याची चाल पडली आहे. जून ते एप्रिल हेही अकराच महिने होतात, आणि परीक्षा त्यात बसते. करारात एक ओळ आवर्जून घालावी : परीक्षा संपेपर्यंत खोली रिकामी करण्यास सांगणार नाही. दोन-तीन वर्षांचे भोग्य असेल तर मात्र नोंदणी टाळू नये. अनामतीची आणि दर महिन्याच्या भाड्याची पावती घ्यावी. मोबाईलवरून पैसे पाठवले तर तेही जपून ठेवावे. भला मालक यावर रागावत नाही, आणि जो रागावतो त्याची ओळख जूनमध्येच पटते.

खोली पाहायला गेल्यावर भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात गेल्या पावसाळ्याचे पिवळे डाग आहेत का ते पाहा. नळ सोडून पाहा. उन्हाळ्यात पाणी किती दिवसांआड येते ते मालकाला नव्हे, शेजारणीला विचारा. आणि आधीचा बिऱ्हाडकरू कधी व का गेला, एवढे चुकू नका.

गेल्या जूनमध्ये माझी भाची आमच्या कॉलेजात आली. बहिणीचे सासर गोव्याच्या वेशीकडच्या रानातले, रोजची ये-जा अशक्य. आमचे घरही दोन खोल्यांचे. भाचीसाठी एका आज्जींच्या परसातली खोली मी ठरवली. दुसऱ्या खोलीपेक्षा चारशे रुपये भाडे जास्त. बहीण सामान घेऊन आली. तिने भिंती पाहिल्या नाहीत, नळ पाहिला नाही, भाडेही विचारले नाही. दारात उभी राहून एवढेच म्हणाली, “दादा, परीक्षेपर्यंत राहील न्हवं?”

मी तिच्या हातात करारपत्र दिले. तिने ती ओळ दोनदा वाचली आणि मग ट्रंक आत घेतली.