लागोसमध्ये इबोला का पसरला नाही?

२० जुलै २०१४ रोजी लायबेरियाहून आलेला एक प्रवासी नायजेरियातील लागोस विमानतळावर आजारी अवस्थेत उतरला. नायजेरियातील सरकारी डॉक्टरांचा त्या वेळी संप चालू होता, म्हणून त्याला एका खासगी रुग्णालयात नेण्यात आले. त्या भागात ताप म्हटला की पहिला संशय हिवतापाचा. इथेही आधी हिवतापावरच उपचार सुरू झाले, पण गुण येईना. दुसऱ्या दिवशी ज्येष्ठ डॉक्टर अमेयो स्टेला अदादेवो यांनी रुग्णाला तपासले. रुग्ण लायबेरियाचा आणि लायबेरियात इबोलाची साथ चालू, ही सांगड त्यांनी घातली. त्यांनी स्वतः इबोलाचा रुग्ण आयुष्यात पाहिलेला नव्हता. इबोलाच्या रुग्णाशी आपला संबंध आल्याचे रुग्ण नाकारत होता. त्याला एका परिषदेला जायचे होते आणि त्याला सोडून द्यावे म्हणून डॉक्टरांवर दबावही येत होता. अदादेवोंनी त्याला सोडले नाही. २५ जुलैला तो मरण पावला.

लागोसची वस्ती सुमारे २ कोटी. आपल्या मुंबईसारखेच दाटीचे, झोपडपट्ट्यांचे, गर्दीच्या बसगाड्यांचे हे शहर. अशा ठिकाणी इबोला शिरला म्हटल्यावर जगभरच्या तज्ज्ञांचे धाबे दणाणले. प्रत्यक्षात नायजेरियात एकूण २० जणांना हा रोग झाला आणि त्यांतले ८ दगावले. त्या आठांत डॉ. अदादेवोही होत्या. २० ऑक्टोबर २०१४ रोजी, म्हणजे अवघ्या तीन महिन्यांत, जागतिक आरोग्य संघटनेने नायजेरिया इबोलामुक्त झाल्याचे जाहीर केले.

याच साथीत गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांत मिळून २८ हजारांहून अधिक लोकांना लागण झाली आणि ११ हजारांहून अधिक मरण पावले. विषाणू तोच, त्यावर तेव्हा खात्रीचे औषध किंवा लस कोणत्याच देशाकडे नव्हती. मग एवढा फरक कशामुळे पडला?

रोगाची चाल

त्यासाठी आधी इबोला कसा पसरतो ते पाहू. हा विषाणू रुग्णाचे रक्त, उलटी, विष्ठा, घाम अशा शरीरातील द्रवांतून पसरतो. गोवर किंवा फ्लूसारखा तो हवेतून सहज पसरत नाही. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, म्हणजेच अधिशयन काळ, २ ते २१ दिवसांचा असतो. महत्त्वाची गोष्ट अशी की लक्षणे दिसू लागेपर्यंत त्या माणसापासून इतरांना लागण होत नाही.

पश्चिम आफ्रिकेच्या साथीत एका रुग्णापासून सरासरी सुमारे दोघांना लागण होत होती आणि एका फेरीला साधारण दोन आठवडे लागत होते. एकाचे दोन, दोनाचे चार, असा हिशेब केला तर दहाव्या फेरीत, म्हणजे पाच महिन्यांत, १,०२४ नवे रुग्ण होतात. उलट, प्रत्येक रुग्णाच्या संपर्कात आलेली माणसे आधीच हुडकून २१ दिवस त्यांच्यावर लक्ष ठेवले आणि ताप दिसताच त्यांना वेगळे केले, तर साखळी तुटते. म्हणजे या रोगापुढे सर्वांत मोठे शस्त्र होते ते एक बिनचूक यादी, आणि त्या यादीतल्या प्रत्येकाच्या दारी रोज जाणारा माणूस.

८९४ माणसे, २१ दिवस

नायजेरियात अशी यादी झाली ८९४ जणांची. विमानतळावरचे कर्मचारी, रुग्णालयातले डॉक्टर आणि परिचारिका, त्यांचे घरचे लोक, शेजारी. त्यांना भेटायला आरोग्य कर्मचारी रोज जात, ताप मोजत, प्रकृतीची विचारपूस करत. अशा प्रत्यक्ष भेटींची संख्या सुमारे १८,५०० झाली. ८९४ ला २१ ने गुणले तर १८,७७४ येतात. दोन आकड्यांत फारसे अंतर नाही, हे लक्षात घेतले की कामाचा काटेकोरपणा कळतो. शिवाय संपर्कातील लोकांच्या वस्त्यांत सुमारे २६ हजार घरांना भेटी देऊन रोगाची माहिती सांगण्यात आली, कारण अफवा विषाणूपेक्षा वेगाने पसरत होत्या.

सगळे सुरळीत झाले असे नाही. यादीतला एक माणूस नजर चुकवून विमानाने पोर्ट हारकोर्ट या शहरात गेला. तिथल्या एका डॉक्टराने त्याच्यावर गुपचूप उपचार केले. तो माणूस बरा झाला, पण डॉक्टर मात्र मरण पावला. त्याच्यामुळे त्या शहरातल्या पाचशेहून अधिक लोकांची नवी यादी करावी लागली. एका माणसाची चूक केवढ्याला पडते ते यावरून दिसते, आणि ती दुरुस्त करता येते हेही.

ही माणसे आली कुठून?

साथ आल्यावर जाहिरात देऊन अशी माणसे मिळत नाहीत. नायजेरियाला ती मिळाली पोलिओमुळे.

२०१२ साली नायजेरियात पोलिओचे १२२ रुग्ण सापडले होते. त्याच वर्षी सरकारने पोलिओसाठी एक नियंत्रण केंद्र उभारले. सरकारी खाती, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ वगैरे सगळे एकाच खोलीत बसून, एकाच नकाशावर आणि एकाच आकडेवारीवर काम करू लागले. कोण कोणाला विचारणार, निर्णय कोण घेणार हे ठरलेले होते. गावोगाव हिंडून एकही घर सुटू न देण्याची कर्मचाऱ्यांना सवय झाली. २०१४ साली पोलिओचे रुग्ण ६ वर आले. इबोला आला तेव्हा याच धर्तीवर लागोसमध्ये केंद्र उघडले गेले आणि त्याची सूत्रे पोलिओ केंद्राच्या उपप्रमुखांकडे देण्यात आली.

दुसरी शिदोरी प्रशिक्षणाची. अमेरिकेत १९५१ साली साथरोगांचा माग काढणारे 'रोग-गुप्तहेर' तयार करण्याचा एक कार्यक्रम सुरू झाला. त्याच धर्तीवर १९८० मध्ये थायलंडने आणि २००८ मध्ये नायजेरियाने आपापले दोन वर्षांचे प्रशिक्षण सुरू केले. यात वर्गातले शिक्षण थोडे आणि प्रत्यक्ष साथीत उतरून केलेले काम जास्त असते. भारतातही दिल्ली आणि चेन्नई येथे अशी प्रशिक्षणे चालतात. लागोसमध्ये यादी करण्याच्या कामात हे विद्यार्थी पुढे होते.

तिसरी गोष्ट प्रयोगशाळेची. लासा ताप हा घातक रोग नायजेरियात दर वर्षी डोके वर काढतो. १९६९ साली तो प्रथम ओळखला गेला तो याच देशातल्या लासा गावावरून. त्यामुळे अशा विषाणूंची तपासणी करू शकणारी प्रयोगशाळा देशात होती. रुग्ण आल्यापासून तीन दिवसांत निदान झाले. याउलट गिनीत पहिला रुग्ण डिसेंबर २०१३ मध्ये दगावला, तर रोगाचे नाव कळायला मार्च २०१४ उजाडला, आणि तेही नमुने युरोपात पाठवल्यावर. तोवर तीन महिने विषाणूला मोकळे रान मिळाले होते.

नुसती प्रयोगशाळा मात्र पुरत नाही. सिएरा लिओनमध्ये केनेमा येथे लासा तापाची चांगली प्रयोगशाळा होती. त्या देशातला इबोला तिथेच ओळखला गेला. पण यादवी युद्धाने आरोग्यव्यवस्था मोडलेली, लाख लोकांमागे एक-दोन डॉक्टर, संपर्कातले लोक शोधायला हात नाहीत. तिथले प्रमुख डॉक्टर शेख हुमार खान स्वतः इबोलाने २९ जुलै २०१४ रोजी मरण पावले.

शांतता आहे की झोप?

एखाद्या जिल्ह्यातून 'रोग नाही' असा अहवाल आला, तर रोग खरेच नाही की कोणी पाहिलेच नाही, हे कसे ओळखायचे? पोलिओच्या कार्यक्रमाने यावर एक सुंदर युक्ती काढली. १५ वर्षांखालील मुलाच्या हातापायांत अचानक लुळेपणा आला की, कारण काहीही वाटो, त्याची नोंद करायची आणि विष्ठेचे नमुने तपासायचे. असा लुळेपणा पोलिओशिवाय इतर कारणांनीही येतो, आणि दर लाख मुलांत वर्षाला निदान एक तरी असा रुग्ण असतोच. तेव्हा ज्या जिल्ह्यात ५ लाख मुले आहेत, तिथून वर्षाला किमान ५ नोंदी यायलाच हव्यात. एकही आली नाही, तर जिल्हा निरोगी नसून यंत्रणा झोपलेली आहे असे समजायचे. भारतात १९९७ पासून याच पद्धतीने लक्ष ठेवले गेले. म्हणूनच १३ जानेवारी २०११ नंतर मूळ पोलिओ विषाणूचा रुग्ण आढळला नाही, तेव्हा त्या 'नाही'वर विश्वास ठेवता आला.

खर्च कशावर करायचा?

गरीब देशांना मदत देताना इमारती आणि यंत्रे देणे सोपे असते. त्यांचे उद्घाटन करता येते, छायाचित्र काढता येते. नोंदवही नीट ठेवणारी परिचारिका, दर आठवड्याला येणारा अहवाल, नमुना थंड ठेवून वेळेत पोचवणारा वाहक यांचे उद्घाटन होत नाही. पण साथ रोखली जाते ती याच कामांनी. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे उदाहरण घ्या. १९५२ साली ती सुरू झाली तेव्हा निपाहचे नावही कोणी ऐकले नव्हते. २०१८ मध्ये केरळात निपाह आला तेव्हा निदानावर शिक्कामोर्तब याच संस्थेने केले. मधली सहासष्ट वर्षे तिथे काम चालू होते, म्हणून हे झाले.

इथेच खरी अडचण आहे. एखाद्या रोगासाठी आलेला निधी तो रोग आटोक्यात येताच आटू लागतो. आफ्रिका खंड २०२० मध्ये मूळ पोलिओ विषाणूपासून मुक्त ठरला. ज्या माणसांनी हे केले त्यांना कायमचे काम, पगार आणि पुढचे शिक्षण मिळाले नाही, तर पुढच्या साथीच्या वेळी ती सापडणार नाहीत. नायजेरियाने २०१८ मध्ये आपल्या रोगनियंत्रण केंद्राला कायद्याचा आधार दिला, हे त्या दिशेने टाकलेले पाऊल होते. तरीही लासा ताप, पटकी आणि मेंदूज्वर तिथे वारंवार येतात. कारण विमानाने आलेला एक रुग्ण हुडकणे वेगळे आणि प्रत्येक खेड्यात स्वच्छ पाणी व दवाखाना पोचवणे वेगळे. पहिल्या यशाने दुसरे काम टळत नाही.

वर्गात करून पाहा

विद्यार्थ्यांना काल सकाळपासून रात्रीपर्यंत आपण कोणाकोणाच्या जवळ गेलो त्यांची यादी करायला सांगा. बहुतेकांना पहिल्या प्रयत्नात दहा-बारा नावे आठवतील. मग घरी विचारून, रस्ता, बस, दुकान, खेळ आठवून तीच यादी पुन्हा करायला सांगा. दोन याद्यांतला फरक फळ्यावर मांडा. यादीतल्या प्रत्येकाला २१ दिवस रोज भेटायचे झाले तर एका विद्यार्थ्यासाठी किती भेटी लागतील, आणि एक कर्मचारी दिवसाला पंधरा घरी जाऊ शकत असेल तर किती कर्मचारी लागतील, याचे गणित मांडता येईल. पहिल्या यादीत कोणती नावे राहून गेली आणि का, यावर चर्चा करा. साथ रोखणे हे किती चिकाटीचे काम आहे ते त्यातून मुलांना आपोआप कळेल.