बिअरमधला हॉपचा वास

आमटीला कढीपत्ता आपण फोडणीतच घालतो. कोथिंबीर मात्र भांडे खाली उतरल्यावर. उकळली तर तिचा वास वाफेबरोबर निघून जातो, हे घरोघर ठाऊक आहे. बिअर करणाऱ्यांची ‘ड्राय हॉपिंग’ नावाची जुनी युक्ती नेमकी याच जातीची आहे.

हॉप ही थंड मुलखातली वेल. तिच्या मादीवेलीला हिरवे, खवलेदार फुलोरे येतात. खवल्यांच्या बुडाशी पिवळी, चिकट पूड असते. तिच्यात दोन गोष्टी असतात : कडवट आम्ले आणि सुगंधी तेले. मोड आणून वाळवलेल्या सातूच्या गोड काढ्यात हॉप तासभर उकळला, की आम्लांचे रूप पालटून कडूपणा उतरतो. तेले मात्र तोवर बहुतेक उडून गेलेली असतात. म्हणजे कडूपणा हवा तर उकळा, वास हवा तर उकळू नका!

म्हणून काढा निवल्यावर, यीस्टने त्याची बिअर केल्यावर, तीत पुन्हा हॉप टाकतात. उकळायचा नाही म्हणून तो ‘ड्राय’. एरवी पडतो ओल्यातच. काही दिवसांत वास बिअरमध्ये मुरतो. तो कसा, हे जातीवर अवलंबून. अमेरिकेत १९७२ साली प्रसारित झालेल्या ‘कॅस्केड’चा वास पपनसाच्या सालीची आठवण देतो.

तुम्ही म्हणाल, आपला याच्याशी काय संबंध? आहे तर! अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्यात इंग्लंडची बिअर आफ्रिकेला वळसा घालून, कित्येक महिन्यांनी मुंबई, मद्रास, कलकत्त्याला पोचे. बिअर आंबट करणाऱ्या पुष्कळ जिवाणूंना हॉपची कडू आम्ले वाढू देत नाहीत. म्हणून या बिअरला हॉप सढळ हाताने घालीत. पिंपातही वरून टाकीत. ‘इंडिया पेल एल’ हे नाव त्यातूनच रूढ झाले.

पण युक्तीला धोकाही आहे. ब्राउन आणि मॉरिस या इंग्रज रसायनज्ञांनी १८९३ साली दाखवले, की हॉपमध्ये पिष्ट फोडणारे एन्झाइम असते. यीस्टला न पचलेल्या शर्करा ते फोडते, आणि निजलेले यीस्ट पुन्हा कामाला लागते. बिअर घाईने बाटलीत भरली असेल, तर आत वायू कोंडतो, मद्यार्क वाढतो आणि प्रसंगी बाटली फुटते! ही गोष्ट पुढे विस्मरणात गेली. अलीकडे हॉपचा वापर वाढला, तेव्हा अनेकांना हा धडा नव्याने शिकावा लागला. आंबणे पुरते थांबल्याची खात्री करूनच बाटली भरणे, हाच उपाय.

आणि जास्त हॉप म्हणजे जास्त सुवास, असेही नाही. ऑरेगॉन स्टेट विद्यापीठात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कॅस्केडचे प्रमाण लिटरला आठ ग्रॅमपलीकडे नेल्यावर फळांचा वास फारसा वाढला नाही. पाल्याचा, चहाच्या पत्तीचा मात्र वाढला. कोथिंबिरीचेही तसेच नाही का? चिमूटभर वरून पेरली तर आमटीला शोभा. मूठभर कोंबली तर नुसता पाला.